आकाशाची जागल कोण करणार?

शालिवाहन शके १९४४चा तो पहिला दिवस. इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे २ एप्रिल २०२२. सायंकाळी गुढ्या उतरल्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी पाडव्यानिमित्त गावजेवणाची तयारी चालली होती. रात्री पावणेआठच्या सुमारास आगीच्या रेघा ओढीत आकाशातून काही आले आणि त्यातील एक तप्त कडे गावातल्या मोकळ्या जागेवर प्रचंड आवाज करून पडले. स्फोट होईल या भीतीने माणसे घराघरांत शिरली. पुढे पाहणी झाली तेव्हा दिसले की, कडे धातूचे आहे, त्याचा व्यास २ ते ३ मीटर आणि वजन ४० किलोंहून अधिक आहे. त्याच तालुक्यातील पवनपार परिसरात सुमारे अर्धा मीटर व्यासाचा एक गोळा सापडला. कुणाच्याही अंगावर काही पडले नाही, हे आपले भाग्य. परंतु राष्ट्राचा कारभार भाग्याच्या भरवशावर चालत नाही आणि चालू नये.

या घटनेला आता काही वर्षे लोटली. वृत्तपत्रांनी चार दिवस मथळे दिले, दूरचित्रवाहिन्यांनी त्याच त्या चित्रफिती दाखविल्या आणि मग सारे जण आपापल्या उद्योगाला लागले. लाडबोरीने जो प्रश्न विचारला होता, तो मात्र अनुत्तरितच राहिला. तो प्रश्न असा : ज्या आकाशाखाली आपण राहतो, त्याची राखण कोण करतो?

जे दिसले, ते वाचता आले नाही

त्या रात्रीचा प्रकाशलोळ महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधील असंख्य लोकांनी पाहिला. हातोहाती भ्रमणध्वनी असल्याने चित्रणही विपुल झाले. दिसण्यात काही उणे नव्हते. उणे होते ते वाचण्यात. कुणी म्हणाले उल्कापात, कुणी म्हणाले क्षेपणास्त्र, कुणी कोसळणारे विमान ठरविले. त्याच दिवशी न्यूझीलंडमधून एका खासगी कंपनीचा ‘इलेक्ट्रॉन’ अग्निबाण उडाला होता, म्हणून ते अवशेष त्याचेच, असाही तर्क लढविला गेला. प्रत्यक्षात, अवकाशातील वस्तूंचा मागोवा ठेवणाऱ्या अमेरिकेतील एका खगोलशास्त्रज्ञाने काही वेळातच सांगितले की, हा चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या त्या अग्निबाणाचा रिकामा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता आणि नेमक्या त्याच सुमारास त्याचा वातावरणप्रवेश अपेक्षित होता. पुढे भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या, म्हणजे इस्रोच्या, शास्त्रज्ञांनी चंद्रपुरात येऊन अवशेषांची पाहणी केली.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. उल्का आणि परतणारा अग्निबाण यांतील भेद ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. कक्षेतून खाली येणाऱ्या यंत्राचा वेग सेकंदाला ७ ते ८ किलोमीटर असतो. ते जवळजवळ क्षितिजाला समांतर, सावकाश, मिनिट-दीड मिनिट दिसत राहते आणि सुमारे ८० किलोमीटर उंचीवर फुटून त्याचे तुकडे एकामागून एक, एकाच दिशेने जाताना दिसतात. पाडव्याच्या रात्रीच्या चित्रफितींत हेच दिसत होते. ज्याने दोन वर्षे डोळसपणे आकाश पाहिले आहे, अशा शाळकरी पोरालाही हा भेद सांगता आला असता. सोनार बोटांनी कस ओळखतो, तसा. परंतु असे पोर आपण घडविले आहे काय?

चंद्रपुरात ही जाण असणारी माणसे नव्हती, असे नव्हे. प्रा. सुरेश चोपणे यांच्यासारखे अभ्यासक आणि त्यांचा ‘स्काय वॉच ग्रुप’ तेथे आकाशनिरीक्षणाचे काम करीत आले आहेत. पण दोन विस्तीर्ण वनजिल्ह्यांना अशी मूठभर माणसे पुरणार कशी? आणि ही उणीव त्यांची नाही. त्यांना एकटे सोडणाऱ्या समाजाची आहे.

हानी झाली नाही, म्हणून अपराध झाला नाही?

कुणी म्हणेल, एक कडे पडले, कुणी मेले नाही, एवढा गहजब कशासाठी? असे म्हणणाऱ्यांनी पुढील महिन्याचे वृत्त आठवावे. १२ मे २०२२ रोजी गुजरातमधील आणंद जिल्ह्यात भालेज आणि आसपासच्या गावांत असेच धातूचे गोळे पडले. तेही त्याच जातीच्या चिनी अग्निबाणाचे असल्याचे अभ्यासकांचे मत पडले. सहा आठवड्यांत दोनदा! याच देशाच्या ‘लाँग मार्च ५बी’ या महाकाय अग्निबाणाचा वीस टनांहून जड मूळ टप्पा मे २०२०मध्ये अनियंत्रित खाली आला, तेव्हा त्याचे अवशेष आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टच्या गावांत सापडले. मे २०२१मध्ये तसाच टप्पा मालदीवजवळ हिंदी महासागरात पडला, तर नोव्हेंबर २०२२मध्ये त्याच्या भयाने स्पेनला आपल्या आकाशाचा काही भाग विमानांना बंद करावा लागला. आपल्या घरचा केर शेजाऱ्याच्या अंगणात फेकणाऱ्यास गावात काय म्हणतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आंतरराष्ट्रीय विधी याबाबत मुका नाही. १९७२च्या दायित्व करारानुसार, अवकाशवस्तूने भूपृष्ठावर केलेल्या हानीबद्दल प्रक्षेपक राष्ट्र पूर्णतः उत्तरदायी असते. तेथे निष्काळजीपणा सिद्ध करण्याचीही गरज नाही. १९६८चा करार सांगतो की, ज्याच्या भूमीवर अशी वस्तू सापडेल, त्या राष्ट्राने प्रक्षेपक राष्ट्रास आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांस कळवावे. जानेवारी १९७८मध्ये सोव्हिएत रशियाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुभट्टी वाहून नेणारा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडील ओसाड प्रदेशात कोसळला. कॅनडाने तुकडा न् तुकडा शोधला, मोजला, नोंदविला, सुमारे ६० लाख डॉलरांचा दावा मांडला आणि १९८१मध्ये महासत्तेकडून ३० लाख कॅनेडियन डॉलर वसूल केले. तेथे माणूस मेला नव्हता. त्यांनी नोंद ठेवली, म्हणून त्यांचा शब्द ऐकला गेला. ज्याच्यापाशी नोंद नाही, त्याची तक्रार जगाच्या दरबारात गाऱ्हाणे ठरते, दावा ठरत नाही.

आपल्याकडील काही विद्वानांना चीनचे नाव घेताच भारताचे दोष आठवू लागतात. त्यांनाही उत्तर दिले पाहिजे आणि ते सत्याला धरून दिले पाहिजे. होय, जुलै २०२३मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर वाहून आलेले मोठे नळकांडे भारताच्या ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाच्या टप्प्याचे असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, असे तेथील अवकाश संस्थेने सांगितले. होय, भारतानेही २०१९मध्ये उपग्रहभेदी चाचणी केली. परंतु ती सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर केली, जेणेकरून बहुतेक तुकडे अल्पकाळात जळून जावेत. चीनने २००७मध्ये तशी चाचणी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास केली आणि मागोवा घेता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे कक्षेत सोडले. त्यांतील अनेक आजही फिरत आहेत. भारताने मार्च २०२३मध्ये ‘मेघा-ट्रॉपिक्स-१’ हा निवृत्त उपग्रह नियंत्रित रीतीने निर्जन प्रशांत महासागरावर उतरविला. २०३०पर्यंत आपल्या सर्व मोहिमा, सरकारी आणि खासगीही, कचरामुक्त करण्याचा संकल्प इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी एप्रिल २०२४मध्ये जाहीर केला. जो स्वतःला शिस्त लावतो, त्यालाच दुसऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार पोचतो. हा अधिकार भारत मिळवीत आहे; पण तो वापरण्यासाठी गावोगाव साक्षीदार हवेत.

दृक्प्रत्ययाचा वारसा

येथे एक कटू गोष्ट आपल्याच माणसांना सांगितली पाहिजे. त्याच पाडव्याच्या सकाळी घरोघरी नव्या पंचांगाचे पूजन झाले. संवत्सराचे नाव, ग्रहांची स्थाने, ग्रहणांच्या तिथी हे सारे श्रद्धेने ऐकले गेले. आणि त्याच रात्री आकाशाने आपले पान उलगडले, तेव्हा ते वाचणारा कुणी नव्हता! आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. परंतु पूर्वजांना जे ठाऊक होते, ते त्यांना व्यासपीठावर उभे राहून ठाऊक झालेले नव्हते. रात्र रात्र जागून झाले होते.

आपल्या ज्योतिर्गणिताचा कणा आहे दृक्प्रत्यय. गणिताने आलेला ग्रह डोळ्यांना आकाशात त्याच स्थानी दिसला पाहिजे. न दिसल्यास ग्रंथ सुधारावयाचा, आकाश नव्हे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२०च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला, तो जुन्या ग्रंथांचे गणित वेधांशी जुळेनासे झाले म्हणून. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात अभिमान आहे, पण अभिमानापायी झाकलेली चूक नाही. लोकमान्यांनी १८९३मध्ये ‘ओरायन’ लिहिला, तेव्हा वेदांचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी मृगनक्षत्राचा आणि वसंतसंपाताच्या सरकण्याचा आधार घेतला. आकाशाची ओळख नसलेल्यास तो युक्तिवाद सुचलाच नसता. या पुरुषांची नावे घ्यायची आणि रात्री आठला दूरचित्रवाणीसमोर बसायचे, हा त्यांचा गौरव नव्हे.

आणि हा वारसा केवळ पोथ्यांतला नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी गोंड गावांतून फिरून तेथील आकाशज्ञानाचा अभ्यास केला. तो २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. सप्तर्षींतील चार ताऱ्यांत गोंड बांधवांना खाट दिसते आणि मागून येणाऱ्या तीन ताऱ्यांत ती खाट पळवू पाहणारे चोर! ज्या रानात रात्री घड्याळ नव्हते, तेथे आकाशच वेळ सांगत होते. पिकाच्या राखणीसाठी मचाणावर रात्र काढण्यास या भागात ‘जागल’ म्हणतात. जागलीला बसणाऱ्या शेतकऱ्याइतका नित्याचा आकाशनिरीक्षक साऱ्या महाराष्ट्रात सापडणे कठीण. त्याच्यापाशी डोळे आहेत, धीर आहे, सवय आहे. केवळ त्याने पाहिलेले लिहून घेणारा कुणी नाही. आपण त्याला अडाणी ठरविले आणि स्वतः आंधळे राहिलो.

काळोख हीच संपत्ती

महाराष्ट्रातील हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा लहान नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून कार्यरत आहे. मुंबईच्या खगोल मंडळाने १९८०च्या दशकापासून सहस्रावधी लोकांना आकाशाची ओळख करून दिली. या संस्थांचे ऋण मान्य करूनही एक विसंगती दिसते : जेथे संस्था आहेत तेथे आकाश उरलेले नाही, आणि जेथे आकाश आहे तेथे संस्था नाहीत. मुंबई-पुण्याचा निरीक्षक आकाशगंगेचा पट्टा पाहावयास शंभर किलोमीटर गाडी हाकतो. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग वनाच्छादित आहे. भामरागड-एटापल्लीकडच्या अंगणात तोच पट्टा उन्हाळ्याच्या उत्तररात्री क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेला असतो.

हे धन कायमचे राहील, या भ्रमात कुणी राहू नये. चंद्रपूर शहराच्या डोक्यावर २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राचा धूर आहे, कोळसा खाणींची धूळ आहे आणि रात्रभर जळणारे दिवे आहेत. सुरजागडच्या लोहखनिजाबरोबर उद्योग येतील, ते यावेतही. पण त्यांचे दिवे खाली तोंड करून लावावेत, आकाशात प्रकाश उधळू नये, एवढी अट घालण्यास कोणाची हरकत आहे? शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाने हे करून दाखविले. परिसरातील गावांचे शंभराहून अधिक दिवे बदलण्यात आले आणि जानेवारी २०२४मध्ये पेंच हे भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे संरक्षित काळोखाचे उद्यान, म्हणून जगन्मान्य झाले. जे पेंचला साधले, ते ताडोबाच्या परिघातील गावांना आणि गडचिरोलीच्या रानांना का साधू नये? वाघ पाहावयास जगभरातून माणसे येतात आणि सूर्य मावळताच खोलीत बसतात. त्यांना रात्री मृग, व्याध, सप्तर्षी दाखविणारा गावचाच तरुण उभा राहिला, तर चार घरांची चूलही त्यावर पेटेल.

गडचिरोलीच्या संदर्भात रात्रीला आणखी एक अर्थ आहे. चार दशके या जिल्ह्यात रात्र म्हणजे भय होते. अंधार पडला की दारे बंद होत. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ज्या पोलिसांनी, ज्या ग्रामस्थांनी यासाठी प्राण वेचले, त्यांनी या जिल्ह्याला त्याची रात्र परत मिळवून दिली आहे. आता त्या रात्रीचे आपण काय करणार? भयमुक्त झालेल्या अंगणात मुलांनी मान वर करून तारे पाहावेत, याहून सुंदर उपयोग कोणता?

आधी पोट, मग आकाश?

येथे नेहमीचा आक्षेप येणार. जेथे कुपोषण आहे, पावसाळ्यात रस्ते तुटतात, रुग्णालय दूर आहे, तेथे दुर्बिणीची चैन कशाला? हा आक्षेप वरवर करुणेचा दिसतो. त्याच्या पोटात अहंकार आहे. शहरातल्या मुलाला जिज्ञासा शोभते आणि रानातल्या मुलाला केवळ भाकरी, असा त्याचा अर्थ होतो. रस्ता आणि रुग्णालय हवेच. त्यासाठी भांडलेही पाहिजे. पण तारे ओळखू लागल्याने कोणत्या मुलाचा घास हिरावला जातो? हाच देश सायकलवरून अग्निबाणाचे भाग वाहून नेत असताना, गरिबांना अवकाश कशाला, असे विचारणारे होतेच. त्यांचे ऐकले असते, तर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ भारताचे यान उतरले नसते. आणि लाडबोरीचे कडे पडताना गावाचे दारिद्र्य मोजून पडले नाही. आकाशाचे संकट गरिबाच्या दारी येऊ शकते, तर आकाशाचे ज्ञान का येऊ नये?

करावयाचे काय?

अमेरिकेत १९५६पासून ‘मूनवॉच’ नावाचा उपक्रम चालला. शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार अशा सामान्य नागरिकांचे गट लहान दुर्बिणी लावून कृत्रिम उपग्रहांचे वेध घेत. सप्टेंबर १९६२मध्ये सोव्हिएत ‘स्पुटनिक ४’ विस्कॉन्सिन राज्यावर कोसळला, तेव्हा तेथील हौशी निरीक्षक त्याची वाट पाहत उभे होते! मॅनिटोवॉक गावाच्या रस्त्यात रुतलेला सुमारे ९ किलोंचा तुकडा ओळखला गेला, तपासला गेला आणि संयुक्त राष्ट्रांत रशियाच्या प्रतिनिधीपुढे ठेवला गेला. साठ वर्षांपूर्वी तेथील सामान्य नागरिकांना जे जमले, ते आज आपल्याला न जमण्यास कारण नाही.

शासनाने करावयाच्या गोष्टी आहेत. इस्रोने जुलै २०२२मध्ये बंगळुरू येथे अवकाशसुरक्षेचे स्वतंत्र केंद्र सुरू केले. कोसळणाऱ्या वस्तूंविषयीचा त्या केंद्राचा इशारा जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत आणि तेथून मराठीत, गोंडीत, माडियात गावापर्यंत पोचला पाहिजे. गोंडवाना विद्यापीठाने या दोन जिल्ह्यांतील निरीक्षणांची नोंदवही चालवावी. लाडबोरीच्या कड्याची प्रतिकृती तरी तालुक्याच्या शाळेत ठेवावी. सहस्र व्याख्यानांनी होणार नाही, ते ती पाहून होईल.

पण सारे शासनावर टाकून मोकळे होणे आपल्या वाचकाला शोभत नाही. आश्रमशाळांत, वसतिगृहांत, एकल विद्यालयांत काम करणारे कार्यकर्ते आज या जिल्ह्यांत आहेत. त्यांनी महिन्यातून एक अमावास्या आकाशासाठी राखावी. आरंभी दुर्बीणही नको. एक नक्षत्रनकाशा आणि एक द्विनेत्री पुरे. मुलांना नोंद करावयास शिकवावे : घड्याळातील नेमकी वेळ, उगवल्याची आणि मावळल्याची दिशा, किती सेकंद दिसले, किती तुकडे झाले. हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशाचा सुमारे १० अंशांचा भाग झाकते. क्षितिजापासून किती मुठी वर दिसले, ते लिहावे. चित्रण करताना झाड वा घराचे छप्पर चौकटीत राहू द्यावे. दोन गावांतील अशा नोंदी जुळविल्या की वस्तूची उंची आणि वाट गणिताने काढता येते. आणि काही पडलेच, तर हात लावू नये, जवळ जाऊ नये, कारण त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. तत्काळ पोलीस पाटलास कळवावे.

शहरातील कुटुंबांनीही एवढे करावे : मुलाच्या वाढदिवशी होणाऱ्या खर्चातून एक द्विनेत्री रानातल्या एका शाळेला पाठवावी, आणि सुटीत आपल्या मुलाला तेथे नेऊन तेथल्या मुलाकडून खाट आणि तीन चोर कोठे आहेत ते शिकू द्यावे. देणारा कोण आणि घेणारा कोण, याचा हिशेब मग आपोआप बदलेल.

पूर्वी प्रत्येक गावाला जागल्या असे. गाव निजले तरी तो जागा राही, आणि त्याच्या भरवशावर गाव निजे. आज संकटाची वाट केवळ वेशीतून येत नाही, ती डोक्यावरूनही येते. अवकाशात गर्दी वाढत आहे, प्रक्षेपणे वाढत आहेत आणि जे वर जाते त्यातील पुष्कळसे कधी ना कधी खाली येणार आहे. पुढचे कडे कोठे पडेल, हे आपल्या हाती नाही. ते पडताना त्याच्याकडे पाहणारे डोळे भेदरलेले असतील की जाणते, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.